अक्कामॅडमचे थेंब

अक्कामॅडमना बघायला आलेला एकच मुलगा आम्हाला ठाऊक होता, तोही त्यांनीच सांगितला म्हणून. "आला, बसला, पोहे खाल्ले आणि बोलायला लागला. म्हटलं आता संपवेल, मग संपवेल. शेवटी मीच उठले आणि आत जाऊन भाकरी टाकायला घेतल्या." एवढं बोलून त्या फळ्याकडे वळल्या. त्यानंतर त्यांच्या लग्नाचा विषय काढायची वर्गात कोणाची छाती झाली नाही.

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. गावाचं नाव घेत नाही, तिथले लोक अजून फोन करून भांडतील. अक्कामॅडम तिथे आम्हाला केमिस्ट्री शिकवायच्या. खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर त्या स्वतःच वळून बघायच्या नाहीत. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत, आम्ही आपलं मॅडम जोडायचो. रोज धुळ्याहून, देवपुरातून एसटीने येणं-जाणं. आणि पांढरा अ‍ॅप्रन लोक लॅबमध्ये घालतात, या घरूनच साडीवर घालून निघायच्या. त्यामुळे गाडीत त्यांना डॉक्टर समजून कोणीतरी बाई पोराचा घसा दाखवायची. त्याही बघायच्या. "मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दे," म्हणायच्या, आणि बाईने सरकून दिलेली खिडकीची जागा घ्यायच्या. यात आपण काही चुकीचं करतो असं त्यांना कधीच वाटलं नाही.

लांबण त्यांना सहन व्हायची नाही. फोन उचलला की "बोला, थोडक्यात." लग्नाला गेल्या की नवरा-नवरीच्या डोक्यावर हात ठेवून "नांदा" म्हणायच्या आणि जेवायला बसायच्या. एकदा संस्थेचे एक जुने संचालक वारले. शोकसभेत एकामागून एक वक्ते उठत होते, जो तो मेलेल्या माणसापेक्षा स्वतःच्याच आठवणी जास्त सांगत होता. अक्कामॅडम मागच्या रांगेतून उभ्या राहिल्या. "माणूस चांगला होता. आता त्याला जाऊ द्या," म्हणाल्या आणि दारातून बाहेर पडल्या. त्यावर स्टाफरूममध्ये महिनाभर कुजबुज चालली. त्या माणसाच्या बायकोने मात्र संक्रांतीला अक्कामॅडमच्या घरी तिळगूळ पाठवला.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका प्रयोगात होतं. काचेच्या उभ्या नळीत, म्हणजे ब्युरेटमध्ये, एक द्रव भरायचा. खाली फ्लास्कमध्ये दुसरा. नळीची तोटी सोडून वरचा द्रव थेंबथेंब खाली पाडायचा आणि फ्लास्क हलवत राहायचा. बराच वेळ काहीच होत नाही. मग एक थेंब असा पडतो की फ्लास्कमधलं सगळं पाणी फिकट गुलाबी होतं. तिथेच थांबायचं. आणखी दोन थेंब जास्त पडले की रंग भडक होतो आणि सगळं मोरीत ओतून पहिल्यापासून. आम्ही नव्या पोरी नेमक्या तिथेच चुकायचो, गुलाबी बघून खूश व्हायचो आणि तोटी बंद करायला विसरायचो. मागून अक्कामॅडमचा आवाज यायचा, "गुलाबी व्हयनं, थांब वं." शिकवताना मराठी आणि चिडल्या की अहिराणी, अशी त्यांची वाटणी होती.

आता गॅदरिंगचं सांगते. आमच्या कॉलेजचं गॅदरिंग म्हणजे गावातल्या मोटरसायकलवाल्या पोरांचं. डीजे त्यांचा, नाच त्यांचे, शिट्ट्याही त्यांच्याच. आम्ही खेड्यावरून पासवर येणाऱ्या पोरी, आम्हाला साडेपाचची गाडी. ती गेली की त्या बाजूला दुसरी गाडी नाही. प्रॅक्टिस कॉलेज सुटल्यावर, कार्यक्रम संध्याकाळी. त्यामुळे गॅदरिंगच्या दिवशी आमचं काम एकच, सकाळी रांगोळ्या काढायच्या आणि त्या कशा तुडवल्या जातात हे बघायला न थांबता घरी जायचं. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मला फार वाटायचं. मी घरात सगळ्यांच्या नकला करायचे, मावशीची, तलाठ्याची, आमच्या म्हशीचीसुद्धा. पण बोलणार कोणाजवळ?

आम्ही बारावीत असताना गॅदरिंगचं काम अक्कामॅडमच्या गळ्यात पडलं, कारण बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतलं होतं. त्यांनी वर्गात येऊन विचारलं, "खेड्यावरच्या पोरी भाग का घेत नाहीत?" आम्ही म्हटलं, गाडी. "आणि घरचे?" आम्ही माना खाली घातल्या. पुढच्याच रविवारी त्या अ‍ॅप्रन घालून आमच्या गावात उतरल्या. गावातली पोरं पोलिओचा डोस समजून पळाली.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, ओट्यावर बसले होते. अक्कामॅडम उभ्याउभ्याच बोलल्या. तुमची मुलगी गॅदरिंगमध्ये असेल, कार्यक्रम दुपारी असेल, साडेपाचच्या गाडीने तिला मी दारापर्यंत पोचवेन. नानांनी बराच वेळ तंबाखू मळली. मोठ्या बहिणीला त्यांनी दहावीनंतर घरी बसवलं होतं, तेही असंच एकदा गाडी चुकली आणि अख्ख्या गावाने चौकशा केल्या म्हणून. मग म्हणाले, "तुमी म्हनतस ते बराबर शे अक्का. पन एक रोज बी पोर त्या गाडीवर उनी नही ना, ते मंग कालेज बंद." नाना ओरडून बोलत नसत आणि बोललेलं फिरवत नसत. मी दाराआड उभी होते. अक्कामॅडम म्हणाल्या, "ठीक. गाडी चुकली तर बंद करा." माझं कॉलेज असं त्या दोघांनी ओट्यावर परस्पर पणाला लावलं आणि चहासुद्धा प्यायले.

तसाच शब्द त्या घरोघर देत फिरल्या. माझ्या वर्गातल्या संगीताच्या घरी, तिच्या पलीकडच्या वस्तीवर, नदीकाठच्या गावांत. पोरी झाल्या बावीस-तेवीस. आणि प्रॅक्टिसला वेळ काय, तर मधली सुट्टी. डबा खाऊन जे उरेल ते. अक्कामॅडम म्हणाल्या, "मोठं नाटक कोणी मागितलंय? एकेकीने एकेक थेंब टाकायचा."

प्रॅक्टिस केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये. टेबलावर ब्युरेट लावलेली, खाली फ्लास्क. थेंब पडायला लागला की पोरीने सुरू करायचं आणि पाणी गुलाबी व्हायच्या आत संपवायचं. गाणं असो, नाच असो, नाटक असो. झालं नाही तर "गुलाबी व्हयनं," आणि पुढची. आम्हाला आधी राग आला. संगीता तर रडली. तिला पूर्ण गाण्यावर नाचायचं होतं, घागरा मावसबहिणीकडून आणून ठेवला होता. अक्कामॅडमनी विचारलं, "तू सुट्टीत काय करतेस?" म्हणाली, कापूस वेचते. "ते कर." संगीता वैतागून उभी राहिली आणि हाताने कापूस वेचायला लागली. डावा हात, उजवा हात, ओटीत, डावा, उजवा. मागे एका पोरीने बाकावर ठेका धरला. संगीताचे हात असे काही भराभर चालायला लागले की आम्ही डबे खायचे थांबलो. मग तिने कंबर सरळ केली, मागे वाकली, कपाळाचा घाम पुसला आणि फ्लास्क गुलाबी झाला. अक्कामॅडमनी चष्मा पुसला आणि "पुढची" म्हणाल्या.

मग आम्हाला चटक लागली. दोघी हापशावर भांडायच्या, हापसत राहायच्या आणि पाणी आलं की भांडण विसरून दोघी तोंड लावून प्यायच्या, झालं नाटक. एक कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात बसणाऱ्या देवीच्या, विसर्जनाच्या गाण्याची एकच ओळ म्हणायची, पण अशी म्हणायची की अंगावर काटा यायचा. सातपुड्याच्या पायथ्याची एक पावरा आदिवासी मुलगी वसतिगृहात होती, ती पायात घुंगरू बांधून नुसती चालत जायची, पाणी आणायला जावं तशी, आणि परत येताना त्याच घुंगरांचा ताल बदलायचा, कारण आता डोक्यावर भरलेला हंडा. माझा थेंब म्हणजे माझी मावशी. गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी, आत चढल्यावर त्या जागेवर दुसरीच बाई बसलेली, मग दोघींची ती जुगलबंदी, आणि शेवटी दोघी एकमेकींच्या माहेरच्या निघतात आणि तिसऱ्या माणसाला उठवतात. अक्कामॅडमना हसू आवरायचं नाही, पण तोटी बरोबर धरलेली. मला म्हणाल्या, "तुझा शेवटचा. रंग त्यानेच येतो." मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत जमिनीवर नव्हते.

गॅदरिंगच्या दिवशी कार्यक्रम दुपारी दोनचा. पाहुणे नेते. लग्नसराई. नेत्याला वाटेत जेवढी लग्नं लागतील तेवढ्या ठिकाणी अक्षता टाकाव्याच लागतात, त्याला तोही काय करणार. मांडवात पोरं कंटाळून टोप्या उडवायला लागली. आम्ही तोंडाला पावडर, ओठांना लाली लावून स्टेजच्या बाजूला ताटकळत. पाहुणे आले तेव्हा चार वाजून गेले होते. आणि प्राचार्यांचा क्रम ठरलेला, आधी दीप, मग सत्कार, मग अहवाल, मग भाषणं, आणि सगळ्यात शेवटी आमचं विविध गुणदर्शन. संगीताने माझा हात धरला. अक्कामॅडम प्राचार्यांकडे गेल्या, काहीतरी बोलल्या. प्राचार्यांनी हसून मान हलवली, म्हणजे नाही.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी लॅबमध्ये बघितला होता तसाच. "सत्कार किती आहेत?" त्यांनी विचारलं. आम्ही म्हटलं, खूप. "बरंय," म्हणाल्या. "जितके जास्त तितकं बरं."

आमच्याकडचा सत्कार कसा होतो हे ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. निवेदक नाव पुकारतो. ज्याचा सत्कार तो दुसऱ्या टोकाला बसलेला असतो. तो उठतो, चपला शोधतो. शाल सापडते तर नारळ सापडत नाही. नारळ येतो तर फोटोवाला म्हणतो, पुन्हा एकदा, इकडे बघा. या सगळ्यात एक फट पडते. अक्कामॅडमनी त्या फटीत थेंब सोडला. पहिलं नाव पुकारलं गेलं, वर शोधाशोध सुरू झाली, आणि खाली, स्टेजच्या पुढच्या मोकळ्या जागेत, हापशावाल्या दोघी भांडायला लागल्या. प्राचार्य वरून बघतच राहिले. फोटोवाल्याने क्लिक केलं तेव्हा दोघी पाणी पिऊन बाजूला झाल्या होत्या आणि मांडवात हशा पिकला होता.

दुसरा सत्कार, कानबाईची ओळ. तिसरा सत्कार, घुंगरू. डीजेवाली पोरं शिट्ट्या मारायची विसरून बाकांवर उभी राहिली. एका सत्काराला नारळ लवकर सापडला तर मागून कोणीतरी ओरडलं, "सावकाश होऊ द्या." मग तर लोक सत्काराचीच वाट बघायला लागले. नाव पुकारलं की टाळ्या. संचालक मंडळातले कधी टाळी न मिळालेले लोक उठताना लाजायला लागले. संगीताचा कापूस आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया बोलायच्या थांबल्या, आणि तिने कंबर सरळ केली तेव्हा त्यांच्यातल्या एकीने स्वतःच्या कमरेला हात लावला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. एक पोरगी राहिली नाही. बावीस जणींनी, ज्यांनी रांगोळीशिवाय त्या मांडवात कधी काही केलं नव्हतं, त्यांनी तो मांडव खिशात घातला. प्राचार्य नंतर कितीतरी दिवस सांगत होते की सत्काराला एवढी दाद त्यांच्या कारकिर्दीत कधी मिळाली नव्हती.

राहिले मी एकटी. सत्कार संपले आणि पाहुणे भाषणाला उभे राहिले.

भाषणाला फट नसते. मी बाजूला उभी, डोक्यावर मावशीसारखा पदर, हातात रुमाल. पाहुणे बोलतायत, शिक्षणाचं महत्त्व बोलतायत, स्त्रीशिक्षणाचं बोलतायत. सव्वापाच झाले. अक्कामॅडमनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उभ्या राहिल्या. "चला गं," म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण माइकवर बोलणाऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्याने. आम्ही दप्तरं उचलली आणि लाली-पावडर लावलेल्या पोरींची रांग भर भाषणात मांडवातून निघाली. प्राचार्य अर्धे उठले. पाहुणे थांबले. "कुठे निघाल्या पोरी?"

"साडेपाचची गाडी आहे भाऊ," अक्कामॅडम म्हणाल्या. "यांच्या बापांना शब्द दिलाय."

पाहुणे दिलदार माणूस. हसले, खिशातून फोन काढला. "मग काळजी कशाला. डेपोत सांगतो, गाडी अर्धा तास थांबवतो. होऊ द्या पोरींचं."

माझा जीव भांड्यात पडला. एक फोन, फक्त एक फोन, आणि माझा थेंब होणार होता. अक्कामॅडम म्हणाल्या, "नको भाऊ. गाडी सगळ्यांची आहे. बाजाराच्या बाया बसल्या असतील, त्यांना घरी जाऊन चूल पेटवायची असते." आणि चालायला लागल्या. बापरे, त्या क्षणी मला त्या बाईचा इतका राग आला, इतका की सांगता येत नाही. बाजाराच्या बायांची चूल दिसते, माझं दिसत नाही. स्टँडवर जाईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. रडण्याने पावडरीचे ओघळ झाले होते.

गाडी मिळाली. अक्कामॅडमही आमच्याबरोबर चढल्या, उलट्या दिशेच्या गाडीत, कारण शब्द दारापर्यंतचा होता. म्हणाल्या, आज मुक्काम तुमच्यापैकी कोणाकडे तरी. गाडी भरलेली, पाट्या, पिशव्या, कोंबड्या. मी खिडकीला डोकं लावून बसले. एका म्हातारीने आमची तोंडं बघून विचारलं, "काय वं, कथं लगीन व्हतं?" संगीताने सांगितलं, आणि सांगता सांगता उभं राहून करूनच दाखवलं, दांडीला टेकून, डावा हात, उजवा हात. गाडीतल्या बाया कापूस वेचणाऱ्याच. त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. मग हापसा झाला, कानबाईची ओळ झाली, त्या ओळीला तर निम्म्या गाडीने साथ दिली. शेवटी म्हातारी म्हणाली, "आन् ही रडनारी काय करस?"

मी मान हलवली. अक्कामॅडम मागच्या सीटवर होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर बोट ठेवलं. "ऊठ," म्हणाल्या. "इथे फ्लास्क नाही. तुला हवं तेवढं कर."

मी उठले. मग मावशी अंगात आली. मी रुमाल टाकला, मी धक्के खाल्ले, मी चढले, आणि माझ्या जागेवर बसलेल्या बाईशी, ती बाईही मीच, असं काही भांडले की ड्रायव्हरने आरशातून बघायला सुरुवात केली. गाडीतल्या प्रत्येकीने तो रुमाल कधी ना कधी टाकला होता. हसून हसून म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी. भांडण ऐन रंगात आलं, आता माहेर निघणार, आणि गाडी करकचून थांबली. आमचं गाव. बाहेर अंधारून आलेलं, आणि दाराशी नाना उभे. रोज पारावर बसून गाडी बघायचे, आज दारापर्यंत आले होते. लाली लावलेली, पदर खोचलेली, एक हात वर केलेली त्यांची पोरगी त्यांच्या समोर, भर गाडीत.

मी हात खाली घेतला आणि दप्तर शोधायला लागले. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर गेला आणि तो म्हणाला, "चला, उतरा पोरींनो." अक्कामॅडम जागेवरच बसून राहिल्या. त्यांचा शब्द पुरा झाला होता, पोर वेळेवर गावात पोचली होती. मी पायरीपर्यंत आले.

नानांनी आत बघितलं. म्हातारीचा पदर अजून डोळ्यांना होता. "काय चाली ऱ्हायनं?" त्यांनी तिला विचारलं, मला नाही.

"तुन्ही पोर शे का?" म्हातारी म्हणाली. "आरे मंग थांब ना भाऊ जरासा. त्या दोन्ही बायास्नं काय व्हयनं ते आमले कळू दे."

कंडक्टरने मागे वळून सगळ्या गाडीला विचारलं, "थांबायचं का?" मागून आवाज आले, थांब, थांब, कोणाला घाई शे. बाजाराच्या बाया होत्या त्या, घरी जाऊन चूल पेटवायच्या. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. एवढ्या शांततेत एसटी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

नाना पायरीवर चढले. मला वाटलं, हात धरून उतरवतात. त्यांनी माझ्या हातातून दप्तर घेतलं, स्वतःच्या खांद्याला लावलं आणि दाराच्या दांडीला धरून उभे राहिले.

"पुरं कर," म्हणाले. "मंग उतर."

मी आत गेले, पदर पुन्हा खोचला आणि नानांनी काही बघितलं नव्हतं म्हणून सगळं पहिल्यापासून केलं.